विषबाधेचा दावा : प्रस्तावना

नेकनूर हे गाव मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले असल्यामुळे मोटार अपघाताचा दावा म्हणजे काय, हे येथील निरक्षर म्हाताऱ्यालाही समजावून सांगावे लागत नाही. वाहनाची धडक बसली की पोलीस येतात, पंचनामा होतो, वाहनाचा क्रमांक टिपला जातो, विमा कंपनीचे नाव निघते, आणि न्यायाधिकरणापुढे अर्ज कोणी व कसा करावयाचा हे सांगणारी माणसे जखमीचे टाके निघण्यापूर्वीच दारात येऊन उभी राहतात. परंतु त्याच रस्त्याच्या कडेच्या पऱ्हाटीत भाद्रपदातल्या उकाड्यात पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी करणारा रोजंदारीचा माणूस सायंकाळी डोळ्यांपुढे अंधारी येऊन बांधावर कोसळला, तर त्याच्या बाबतीत कोणता कायदा लागू होतो, अर्ज कोणाकडे आणि किती मुदतीत करावयाचा, आणि मुळात हा अर्ज करण्याजोगा विषय आहे की केवळ दैवाची गोष्ट आहे, याविषयी गावातल्या सुशिक्षितांतही एकवाक्यता आढळत नाही. या अज्ञानाचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे, आणि ते उलगडून दाखवणे हाच पुढील प्रकरणांचा हेतू आहे.

धडकेच्या अपघातात कारण आणि परिणाम एकाच क्षणी, एकाच जागी, चार लोकांदेखत सापडतात. विषाची रीत निराळी आहे. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके भिजलेल्या सदऱ्यातून कातडीवाटे आणि तुषारांतून श्वासावाटे शरीरात शिरतात, आणि मज्जातंतूंचे संदेश वेळच्या वेळी थांबवणारे कोलिनएस्टरेज नावाचे जे विकर आहे त्याला निकामी करतात. मग घाम, लाळ आणि उलट्या सुरू होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. आणि रोगी सावरला असे वाटत असतानाच एक ते चार दिवसांच्या अवधीत श्वसनाचे स्नायू शिथिल पडून तो दगावू शकतो, किंवा दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या पायांतले बळ ओसरू लागते. या विषांवर अॅट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्सिम ही औषधे आहेत. परंतु कापसावरील पांढऱ्या माशीसाठी वापरल्या जाणाऱ्या डायफेन्थिऊरॉनसारख्या द्रव्याला विशिष्ट असा उतारा नाही, तेथे लक्षणांवर उपचार करीत राहणे एवढेच वैद्याच्या हाती उरते. वकिलाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, विषाची साक्ष रक्तात असते आणि ती फार काळ टिकत नाही. ज्या दिवशी रोग्याचे सारे घर त्याला नेकनूरहून बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याच्या धावपळीत गुंतलेले असते, नेमक्या त्याच दिवशी त्याच्या भावी दाव्याचा सर्वांत मोलाचा पुरावा निर्माण होत असतो आणि कोणी टिपून न ठेवल्यास नष्टही होत असतो.

आपल्या देशात कीटकनाशकांविषयीचा कायदा जन्माला आला तोच एका सामुदायिक मृत्यूतून. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यांत, वाहतुकीत पॅराथिऑन या विषाचा संसर्ग झालेले धान्यपदार्थ खाऊन शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. त्या मृत्यूंच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती शहा यांचा आयोग नेमला गेला, आणि पुढे दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा व १९७१ मध्ये त्याखालील नियम अस्तित्वात आले. नोंदणी, परवाना, गुणनियंत्रण निरीक्षक, डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण, ही सर्व व्यवस्था त्यातून आलेली आहे. संरक्षक कपडे, प्रथमोपचार, उतारे आणि कामगारांचे प्रशिक्षण यांविषयीही नियमांत तरतुदी आहेत. तथापि हा कायदा आरंभापासून अंतापर्यंत वाचून पाहणाऱ्याला असे आढळेल की, विष कोणी बनवावे, कोणी विकावे आणि नियम मोडल्यास कोणाला शिक्षा व्हावी याचा तपशीलवार विचार त्यात असला, तरी ज्याच्या देहात ते विष शिरले त्याला भरपाई कोणी द्यावी याविषयी तो मौन बाळगून आहे. विषबाधेच्या घटना कळवण्याचे बंधन राज्य सरकारने अधिसूचनेद्वारे कोणावरही घालावे, असा अधिकार २६ व्या कलमाने दिला आहे. पण अधिकार असणे आणि प्रत्येक घटनेची फवारणीच्या तपशिलासह नोंद होणे यांत केवढे अंतर आहे, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने दाखवून दिले.

यवतमाळकडे वळण्यापूर्वी भोपाळची आठवण करणे अपरिहार्य आहे. कारण २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ज्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले, तो कारखाना सेव्हिन या नावाने विकले जाणारे कार्बारिल हे कीटकनाशकच बनवीत होता, आणि त्याचे गिऱ्हाईक कापूस पिकवणाऱ्या मुलखांतही होते. १९८५ च्या विशेष कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला; अमेरिकेतील न्यायालयाने १९८६ मध्ये हा दावा भारतातच चालवावा असे ठरवले; आणि १९८९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयासमोर ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ती रक्कम अपुरी ठरली म्हणून केंद्र सरकारने केलेली याचिका २०२३ च्या मार्चमध्ये फेटाळली गेली. पीडिताच्या नावाने दुसऱ्याने केलेल्या तडजोडीचा आकडा एकदा चुकला, तर तो तीन दशकांनंतरही दुरुस्त होत नाही, हा भोपाळचा धडा आहे. त्याच काळात, दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून झालेल्या ओलियम वायूच्या गळतीच्या प्रकरणी, न्यायमूर्ती भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निरपवाद दायित्वाचे तत्त्व सांगितले: जो घातक उद्योग चालवतो त्याने कितीही काळजी घेतलेली असो, इजा झाली तर भरपाई त्याचीच. १८६८ च्या इंग्रजी निवाड्यातून आलेल्या जुन्या नियमाला जे अपवाद होते, ते या तत्त्वाने मोडीत काढले. परंतु कारखान्याच्या कुंपणाआत घातलेला हा न्याय, तेथून मोहोरबंद होऊन निघालेली बाटली कृषी सेवा केंद्राच्या फळीवरून शेताच्या बांधावर पोहोचेपर्यंत पातळ होत जातो. मध्ये घाऊक व्यापारी येतो, दुकानदार येतो, शेतमालक येतो, मिश्रण करणारा येतो. आणि प्रत्येक जण आपल्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या माणसाकडे बोट दाखवतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात घडले ते असे. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार तोंडावर येत. बोंडअळीने बीटी वाणालाही दाद न दिल्यामुळे फवारण्या वाढल्या. अधिक दाबाने अधिक द्रव सोडणारे विजेवर भारलेले नवे पंप आले होते. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची रीत पडली होती, आणि हवा दमट व उष्ण होती. आठशेच्या आसपास माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि एकट्या त्या जिल्ह्यात विसाहून अधिक जण दगावले. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये देण्याचे जाहीर केले, आणि काही कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांपुरती बंद केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकाही गेली. सानुग्रह रक्कम मिळाली त्यांना ती मिळाली. पण सानुग्रह म्हणजे अनुग्रह, तो हक्क नव्हे. कोणत्या द्रव्याने, कोणाच्या हयगयीने आणि कोणत्या दायित्वाने हा मृत्यू घडला, या प्रश्नाचे उत्तर न देताच अनुग्रहाची रक्कम वाटता येते, आणि म्हणूनच ती वाटणे सरकारदरबारी सोयीचे जाते.

या प्रकरणाला एक दुर्मीळ वळण मिळाले ते पोलिसांच्या कागदांमुळे. कित्येक रोग्यांच्या बाबतीत पोलिसांनी कीटकनाशकांची नावे टिपून ठेवली होती. त्या नोंदी संघटनांनी जुळवल्या, आणि त्यांतून सिंजेंटा कंपनीच्या पोलो या डायफेन्थिऊरॉनयुक्त उत्पादनाकडे बोट दाखवणारी प्रकरणे निराळी काढता आली. महाराष्ट्रातील विषबाधित शेतकऱ्यांच्या संघटनेने काही भारतीय व युरोपीय संस्थांच्या साहाय्याने सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीच्या तक्रारींत मध्यस्थी करणाऱ्या स्वित्झर्लंडमधील शासकीय संपर्क केंद्राकडे तक्रार नेली, आणि जून २०२१ मध्ये दोन विधवा व एक बचावलेला शेतकरी अशा तिघांनी बासेलच्या दिवाणी न्यायालयात उत्पादन-दायित्वाचा दावा दाखल केला. कंपनीने आपल्यावरील आरोप नाकारले आहेत, आणि संपर्क केंद्रापुढील मध्यस्थी समझोत्यावाचून संपली. तेव्हा या दाव्याचे गुणदोष ठरवणे प्रस्तावनाकाराचे काम नव्हे. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. भोपाळच्या वेळी पीडितांचे सारे हक्क सरकारच्या हाती गेले होते आणि परदेशी न्यायालयाने दार लावून घेतले होते. येथे विदर्भातल्या तीन घरांनी कंपनीचे मुख्य ठाणे ज्या शहरात आहे तेथल्या न्यायासनापुढे स्वतःच्या नावाने फिर्याद नेली. हे कशाच्या बळावर घडले, तर एखाद्या हवालदाराने चौकशीच्या कागदावर औषधाचे नाव लिहिले होते, याच्या. ज्यांच्या कागदावर केवळ ‘अज्ञात विष’ असे लिहिले गेले, त्यांची दुःखे उणी नव्हती. पण बासेलपर्यंत तीच घरे पोहोचू शकली, ज्यांच्या दुःखाला कागदाचा आधार होता.

आता बीड जिल्ह्यातल्या माणसाला आज कोणती दारे उघडी आहेत ते पाहू. पहिले दार शासकीय योजनेचे. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, त्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत जंतुनाशके हाताळताना होणारी विषबाधा स्पष्टपणे समाविष्ट आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. परंतु हे दार सातबाऱ्याच्या किल्लीने उघडते. वहितीधारक शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यापलीकडे, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर फवारणी करणारा भूमिहीन, सालगडी किंवा ऊसतोडीहून परत येऊन खरिपात मिळेल ते काम करणारा मजूर यांच्यासाठी ते बंदच आहे. आणि पंप बहुधा त्यांच्याच पाठीवर असतो. दुसरे दार कामगार भरपाईचे: १९२३ च्या कायद्याने ते घातले आणि दाव्याला दोन वर्षांची मुदत ठेवली, पण हजेरीपत्रक नसलेल्या रोजंदारीत मालक आणि मजूर हे नाते सिद्ध करणेच कठीण, आणि ज्याच्याविरुद्ध दावा करावयाचा तो शेतमालकही पुष्कळदा दोन एकरांचा धनी, मजुराइतकाच कर्जात बुडालेला असतो.

तिसरे दार ग्राहक आयोगाचे. जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. शेतकरी हा ग्राहक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या प्रकरणी २०१२ मध्येच मान्य केलेले आहे. आणि विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही ग्राहकाच्या व्याख्येत बसतो. एवढ्यावर आशा बांधावी तोच ८७ वे कलम पुढे येते. वस्तूचा गैरवापर झाला असल्यास विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही. आणि वस्तू मालकाने कामाच्या जागी वापरण्यासाठी घेतली असून उत्पादकाने मालकाला सूचना दिलेली असेल, तर सूचनेच्या अपुरेपणाबद्दल उत्पादक जबाबदार राहत नाही. मालकाने वाचली असे गृहीत धरलेली, डब्याला चिकटवलेल्या घडीपत्रकावर अनेक भाषांत मुंगीच्या अक्षरांनी छापलेली ती सूचना, पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या कानापर्यंत कधी पोहोचली की नाही, हे विचारण्याची गरज कायद्याला वाटलेली नाही. चौथे दार दिवाणी न्यायालयाचे. ते सर्वांना मोकळे आहे, पण तेथे हयगय, कारण आणि नुकसान या तिन्ही गोष्टी फिर्यादीने शाबीत करावयाच्या असतात, आणि मृत्यूच्या भरपाईसाठी मुदत दोनच वर्षांची असते.

या चारही दारांपुढे एक समाईक उंबरठा आहे, तो पुराव्याचा. रुग्णालयाच्या केस पेपरवर पहिल्या घटकेला जे शब्द लिहिले जातात, ते पुढे वर्षानुवर्षे पुसले जात नाहीत. मराठवाड्यात कीटकनाशकाने दाखल झालेला रोगी म्हटला की, त्याने ते प्राशन केले असावे, असे गृहीत धरण्याकडे कल असतो. या प्रदेशातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा इतिहास पाहता तो कल अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु ‘फवारणी करताना बाधा’ याऐवजी ‘विष प्राशन’ अशी नोंद झाली, तर अपघाताच्या योजनेतून तो माणूस बाद होतो, कारण आत्महत्या तीत बसत नाही. आणि पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन घरचे लोक जे अर्धवट जबाब देतात त्यांतून ती चुकीची नोंद पक्की होत जाते. रिकाम्या डब्याची कथा तर याहून विचित्र आहे. तो फोडून वस्तीपासून दूर पुरावा, असे १९७१ चे नियम सांगतात, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण नाही तर त्याच डब्यात पाणी भरले जाईल. पण डब्याबरोबर उत्पादनाचे नाव, घटक आणि संच क्रमांकही पुरला जातो, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. उधारीवर घेतलेल्या औषधाची पावती मिळत नाही, मिळाली तर तीवर संच क्रमांक नसतो, आणि दोन-तीन औषधांचे मिश्रण असेल तर प्रत्येक उत्पादकाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय आपोआप होते.

याविरुद्ध असे म्हटले जाते की, शेतकरीच हातमोजे घालत नाहीत, तोंडाला फडके बांधत नाहीत, प्रमाण न पाहता औषधे मिसळतात. तेव्हा त्यांच्या निष्काळजीपणाचा भार कंपन्यांनी किंवा शासनाने का उचलावा? या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही, आणि पुढील प्रकरणांत त्याचा प्रामाणिक परामर्श घेतला आहे. परंतु रबराचे मोजे, चष्मा आणि जाड अंगरखा घालून दमट उन्हात आठ तास पंप मारता येत नाही, हे ज्यांनी तो माल या मुलखात विकण्याचे ठरवले त्यांना विकण्यापूर्वीच ठाऊक असावयास हवे; ज्या वस्तूचा सुरक्षित वापर तिच्या बाजारपेठेत शक्य नाही, तिच्या वापरातील चूक एकट्या वापरणाऱ्याची ठरवणे न्यायाला धरून नाही. शिवाय वाहनाच्या बाबतीत आपण हाच प्रश्न कधीच सोडवला आहे. चालक बेपर्वा असो वा नसो, तिऱ्हाइताचा विमा उतरवल्यावाचून वाहन रस्त्यावर आणता येत नाही. आणि धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तरी २०२२ च्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. अज्ञात वाहनाने मेलेल्याला ही तजवीज आहे. अज्ञात विषाने मेलेल्याला ती का नसावी, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस कोठेही मिळालेले नाही.

नोंदीचे ओझे दुबळ्याच्या खांद्यावरून समर्थाच्या खांद्यावर हलवता येते, याचे दाखलेही आपल्याच न्यायालयांत आहेत. अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हुकूम केला की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद मालकाने नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी. कारण फुप्फुसाचा तो रोग उमटायला दशके लागतात आणि तोवर कामगारापाशी कागद उरत नाही. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे विमानातून फवारलेल्या एंडोसल्फानच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्या द्रव्यावर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये यादीतील पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. ती यादी वैद्यकीय शिबिरे भरवून शासकीय यंत्रणेने तयार केली होती. कोणत्या दिवसाच्या कोणत्या फवारणीने आपले मूल अधू झाले, हे एकेका आईला न्यायालयात शाबीत करावे लागले नाही. मग हाच न्याय कापसाच्या शेतात का लागू नये? विक्रेत्याने संच क्रमांकासह पावती द्यावी, रुग्णालयाने फवारणीचा तपशील विचारून लिहावा, रक्ताचा नमुना पहिल्या दिवशीच घ्यावा, २६ व्या कलमाखाली प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक व्हावे, आणि ज्या प्रकरणी द्रव्य ओळखता येत नाही त्यासाठी कीटकनाशकांच्या विक्रीवरील अल्प आकारणीतून निधी उभा राहावा. यांतली पहिली चार कामे करण्यास नव्या कायद्याची गरज नाही, अधिसूचना आणि अंमलबजावणी पुरे.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात विषे व त्यांची लक्षणे, दुसऱ्यात कायदे व मुदती, तिसऱ्यात अर्जांचे आणि जबाबांचे नमुने दिले आहेत; कारखान्यांतील वायुगळतीविषयी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने जिल्हाधिकाऱ्याकडे पाच वर्षांत करावयाचा अर्ज आणि २०१० च्या कायद्याने हरित न्यायाधिकरणाकडे मागावयाची भरपाई यांचा परामर्श शेवटी थोडक्यात घेतला आहे, कारण या भागातील वाचकाला त्यांची गरज क्वचित पडेल. अनेक वर्षांच्या संसर्गातून उद्भवणाऱ्या कर्करोगादी व्याधींचा विषय मात्र हेतुपुरस्सर बाजूला ठेवला आहे; तो एका स्वतंत्र ग्रंथाचा आहे.

हे लिखाण वकिलाची जागा घेऊ शकत नाही आणि वैद्याची तर नाहीच. ग्रामसेवक, शिक्षक, कृषी सेवा केंद्राचा चालक, रुग्णवाहिकेचा वाहक आणि पोलीस ठाण्यातला लेखनिक यांच्यासाठी ते आहे. कारण विषबाधेचा दावा न्यायाधीशापुढे जाण्याच्या पुष्कळ आधी, त्याचा निकाल यांच्याच हातून अर्धाअधिक लागून गेलेला असतो. यांपैकी एकाने जरी येत्या हंगामात बाटलीवरचे नाव आणि संच क्रमांक केस पेपरवर उतरवून घेतला, तर त्या घराची कैफियत ऐकून घेण्यास कोणत्या तरी अदालतीला भाग पाडता येईल. आणि तेवढे घडवून आणणे हे प्रस्तुत लेखनाचे पहिले प्रयोजन आहे.

नेकनूर, जिल्हा बीड